शो सुटल्यावर विचारलेला प्रश्न

आमचे अण्णा सिनेमाचं तिकीट कधी लगेच काढत नसत. तालुक्याच्या गावी आमच्याकडे एकच टॉकीज होतं. तीनचा शो सुटायचा आणि सहाचा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं असायची. आई, धाकटी बहीण आणि मी सायकल स्टँडपाशी थांबायचो आणि अण्णा फाटकाजवळ जाऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारायचे, "कसा आहे?" समोर येईल त्याला मात्र विचारायचे नाहीत. आधी पोराबाळांसकट आलेलं एखादं कुटुंब गाठायचे, मग एकटा आलेला एखादा माणूस, मग कुणीतरी वयस्कर. तिघांचं ऐकून झालं की एकतर खिडकीकडे वळायचे, नाहीतर आम्हाला भेळ खायला घेऊन जायचे. मला फार राग यायचा. तिकिटं संपली तर, हीच एक भीती असायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की अमेरिकेत एक कंपनी हेच काम व्यवसाय म्हणून करते. सिनेमास्कोअर तिचं नाव. एड मिंट्झ नावाच्या माणसाने ती लास वेगासमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. सिनेमा लागला त्या पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्यांच्या हातात एक कार्ड द्यायचं आणि त्यांच्याकडून ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी घ्यायची. हॉलिवूडचे स्टुडिओ त्या श्रेणीची वाट बघतात, कारण पुढचे आठवडे कसे जातील याचा पहिला अंदाज तिथूनच येतो.

आज आपल्यापैकी प्रत्येकजण दोन्ही बाजूंना असतो. कधी फाटकाजवळ उभे राहून विचारतो, कधी सांगतो. घरच्या ग्रुपवर, लोकलमध्ये, डबा खाताना, ॲपवर तारे देऊन. सांगणारे समीक्षक नसतात, तसा दावाही करत नाहीत. पण या सहज सांगितलेल्या मतांनी सिनेमे चालतात आणि उतरतात. मराठी सिनेमाच्या बाबतीत तर हे फार जवळून दिसतं. म्हणून ही मतं तयार कशी होतात, आकड्यांत कशी बदलतात आणि त्या आकड्यांतून काय गळून जातं, हे समजून घ्यायला हवं.

"बरा आहे" म्हणजे नक्की किती?

सुरुवात शब्दांपासून करू, कारण आकडे नंतर आले. मराठी माणूस सिनेमाबद्दल जे बोलतो त्यात मोजपट्टी दडलेली असते. "बरा आहे" आणि "बरा आहे की!" यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्यात अपेक्षेपेक्षा जास्त मिळाल्याचं आश्चर्य आहे. "एकदा बघायला हरकत नाही" म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत, पण दोनदा कुणी जाणार नाही. "कामं चांगली केलीत सगळ्यांनी" असं कुणी पहिल्याच वाक्यात म्हणालं तर समजायचं की गोष्ट जमलेली नाही. नटांवर अन्याय नको म्हणून माणूस तेवढं आधी सांगून मोकळा होतो. "विषय चांगला आहे" याचंही तसंच. "डोक्याला शॉट"ला भाष्याची गरज नाही. आणि "पैसा वसूल" हा शब्द तर थेट तिकिटाशी हिशोब करतो: दिलं किती, मिळालं किती.

आपल्या व्याकरणात एक सुंदर गोष्ट आहे. "मला सिनेमा आवडला", "मला गोष्ट आवडली", "मला गाणं आवडलं." क्रियापद बदलतं ते सिनेमाप्रमाणे, गोष्टीप्रमाणे, गाण्याप्रमाणे. बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापदाला फरक पडत नाही. 'मी' इथे कर्ता म्हणून उभाच नाही, 'मला' होऊन बाजूला बसलेला आहे. आवडणं ही सिनेमा आणि माणूस यांच्यामध्ये घडणारी गोष्ट आहे, हे भाषेने आधीच मान्य केलंय. "सिनेमा वाईट आहे" असं म्हटलं की तो 'मला' गळतो आणि एका माणसाचा अनुभव वस्तूचा गुणधर्म होऊन बसतो. ॲपवर तारे देताना हेच होतं, फक्त हजारो लोकांच्या बाबतीत एकदम.

टक्के वेगळे, सरासरी वेगळी

सिनेमांच्या गुणांबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रॉटन टोमॅटोज ही अमेरिकन साइट १९९८ साली सुरू झाली. तिथे एखाद्या सिनेमापुढे ९५ टक्के दिसले की आपल्याला वाटतं, शंभरपैकी पंच्याण्णव मार्क. शाळेची सवय. पण ते मार्क नाहीत. शंभर समीक्षकांपैकी पंच्याण्णव जणांनी "एकंदरीत चांगला" असं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. किती चांगला, हे त्या आकड्यात नाहीच. साठ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर टोमॅटो ताजा, कमी असतील तर सडका.

दोन काल्पनिक सिनेमे घेऊ. पहिला दहा जणांनी पाहिला आणि दहाही जणांनी त्याला दहापैकी सहा दिले. कुणाचं फारसं वाईट मत नाही, कुणाला फारसा भावलाही नाही. टक्केवारीच्या पद्धतीने हा शंभर टक्के. दुसऱ्या सिनेमाला सहा जणांनी दहापैकी दहा दिले आणि चौघांनी तीन. टक्केवारीने हा साठ, म्हणजे जेमतेम ताजा. सरासरी काढली तर मात्र पहिला सहा आणि दुसरा सात पूर्णांक दोन. एका पद्धतीने पहिला पुष्कळ पुढे, दुसरीने दुसरा पुढे, आणि दोन्ही आकडे खरे आहेत.

कुठला बघायचा? उत्तर आकड्यात नाही. रविवारी सासूबाईंपासून पुतण्यापर्यंत आठ जणांना घेऊन जायचं असेल तर पहिला बरा, कुणी रुसणार नाही. एकट्याने जायचं असेल आणि फसण्याची तयारी असेल, तर दुसरा. त्यात काहीतरी आहे, ज्यासाठी सहा माणसांनी सगळेच्या सगळे गुण देऊन टाकले.

'कोर्ट' या मराठी सिनेमाचं उदाहरण मला आठवतं. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, पुढे भारताचं सुवर्णकमळही मिळालं. कॅमेरा जागचा हलत नाही, प्रसंग संपला असं वाटल्यावरही तो तिथेच राहतो. मी तो ज्या मित्राबरोबर पाहिला तो मध्यंतरात म्हणाला, "अरे, काही घडतच नाहीये." मला मात्र त्या न घडण्यानेच धरून ठेवलं होतं. आमच्या दोघांची सरासरी काढली असती तर ती ना त्याची झाली असती ना माझी. टोकाच्या दोन मतांमधला आकडा कुणाचंच मत नसतो.

आयएमडीबीची पद्धत तिसरीच. १९९०पासून चालत आलेली ही सिनेमांच्या माहितीची साइट, तिथे लोक एक ते दहा गुण देतात. पण समजा एखाद्या नव्या सिनेमाला पहिल्या दिवशी चाळीस जणांनी मत दिलं आणि त्यातले बरेचसे त्याच्या कलाकारांचे नातेवाईक आणि मित्र निघाले. सरासरी नऊ पूर्णांक चार. हा काय जगातला सर्वोत्तम सिनेमा झाला? म्हणून त्यांच्या पहिल्या अडीचशे सिनेमांच्या यादीसाठी एक युक्ती वापरतात. प्रत्येक सिनेमाच्या खात्यात आधीच काही मध्यम मतं टाकून ठेवायची. समजा आपण प्रत्येकाला सात गुणांची हजार मतं उसनी दिली (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत). चाळीस मतांचा नऊ पूर्णांक चारवाला सिनेमा या हजारांत मिसळला की जेमतेम सात पूर्णांक एकवर येतो. वीस हजार मतं आणि आठ पूर्णांक दोन सरासरी असलेला सिनेमा मात्र आठ पूर्णांक एकच्या वरच राहतो, कारण वीस हजारांपुढे हजार उसनी मतं फार ओढू शकत नाहीत. थोडक्यात, जितकी माणसं कमी तितका आकड्यावर विश्वास कमी. हे आपण रोज करतोच. एकाच माणसाने "भारी आहे" म्हटलं की आपण म्हणतो, "बघू." दहा जणांनी म्हटलं की तिकीट काढतो.

नेटफ्लिक्सची गोष्टही इथेच सांगतो. २०१७ साली त्यांनी पाच ताऱ्यांची पद्धत बंद करून आवडला-नावडला असा अंगठा आणला. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि रात्री बघायचे मात्र हलकीफुलकी कॉमेडी, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तारे देताना माणूस परीक्षक होतो, आपण काय आवडून घ्यायला हवं याचा विचार करतो. अंगठ्याची चाचणी घेतली तेव्हा मत नोंदवणं २०० टक्क्यांनी वाढलं.

बोलतो कोण आणि गप्प कोण

अण्णा तीन वेगळ्या प्रकारची माणसं निवडायचे, यातली हुशारी मला उशिरा कळली. जो स्वतःहून येऊन सांगतो त्याच्यावरच विसंबलं तर फसगत होते. कारण स्वतःहून कोण सांगतं? ज्याला फार आवडला तो आणि ज्याचं डोकं फिरलं तो. ज्यांना ठीकठाक वाटला ते घरी जाऊन भाकरी खाऊन झोपतात. ॲपवरच्या गुणांचा आलेख काढला तर म्हणूनच बहुतेकदा वरच्या टोकाला उंच खांब, खालच्या टोकाला एक बुटका खांब आणि मधे खळगा दिसतो. मधली माणसं असतात, पण ती लिहीत नाहीत.

शिवाय पहिल्या दिवशी जातात ते मुळात त्या नटाचे किंवा त्या विषयाचे चाहते. त्यांचं मत सहसा चढंच असतं. सिनेमास्कोअरमध्ये म्हणूनच 'बी' मिळणं ही आनंदाची बातमी समजत नाहीत. प्रेमाने आलेल्यांनीच बी दिला, तर पुढच्या आठवड्यात येणारे काय म्हणतील? २०१७ साली 'मदर!' या हॉलिवूडच्या सिनेमाला चक्क एफ मिळाला, तोही नामवंत नटी आणि नावाजलेला दिग्दर्शक असताना. बऱ्याच समीक्षकांना तो आवडला होता. लोक भयपट बघायच्या तयारीने गेले होते आणि त्यांच्यासमोर आलं एक अवघड रूपक. तो एफ सिनेमाच्या दर्जाला मिळाला असं मला वाटत नाही. जाहिरात आणि सिनेमा यांच्यात पडलेलं अंतर त्यात मोजलं गेलं. आपल्याकडेही ट्रेलरमध्ये सगळे विनोद दाखवून आत दोन तास रडवणारे सिनेमे असतात. त्यांच्यावर लोक चिडतात तेव्हा ती चीड आपली फसवणूक झाली म्हणून असते.

शेवट बदलला की आठवण बदलते

मानसशास्त्रातला एक प्रयोग मला सिनेमाच्या गप्पांत नेहमी आठवतो. १९९३ साली डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. लोकांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेस तेच ६० सेकंद तसेच, पण लगेच आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. एका अंशाचा फरक, पाणी अजून गारच. मग विचारलं, यातलं काय पुन्हा करायला आवडेल? बहुतेकांनी दुसरा, जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला. कारण त्याचा शेवट जरा बरा होता.

आपलं मन अनुभवाची बेरीज करत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण, या दोन खुंट्यांवर ते आठवण टांगून ठेवतं. अडीच तासांपैकी दोन तास उत्तम आणि शेवटची पंधरा मिनिटं गुंडाळलेली असली तर बाहेर येणारा म्हणतो, "सेकंड हाफ पडला." उलट रेंगाळणारा सिनेमा शेवटी हलवून गेला तर त्याच माणसाला रेंगाळणं आठवतसुद्धा नाही.

२९ एप्रिल २०१६ला 'सैराट' आला. मी तो भरलेल्या थिएटरात पाहिला. पहिल्या अर्ध्या भागात गाण्यांवर पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती, पडद्यापुढे गर्दी झाली होती. आणि सुटल्यावर जिन्यावरून उतरताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझ्या पुढे चाललेल्या एका बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. त्या क्षणी त्यांना कुणी "किती तारे?" असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं त्यांनी? ती शांतता घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी "जाऊन ये, पण मी काही सांगणार नाही" अशी बाहेर पडली. मराठीत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला सिनेमा ठरला.

म्हणून मत कधी घेतलं याला महत्त्व आहे. जिन्यावरचं मत खरं असतं, पण ते शेवटाने भारलेलं असतं. चार दिवसांनी भांडी घासताना, गाडी चालवताना एखादा प्रसंग मनात पुन्हा वर येतो का, हे वेगळं मत. मला स्वतःला दुसऱ्यावर जास्त भरवसा आहे. अडचण अशी की सिनेमाच्या धंद्याला चार दिवस थांबायला वेळ नाही. त्याकडे येतोच.

आधीच्यांचं ऐकून आपलं ठरतं

"लोकांना आवडतोय, म्हणजे चांगलाच असणार." हे वाक्य किती भरवशाचं? २००६ साली मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमाऐवजी गाणी घेतली होती. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४,३४१ माणसं. काहींना फक्त गाणी ऐकवली. बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत टाकलं आणि आपल्या गटातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलंय ते दाखवलं. एका गटाला दुसऱ्याचं काही माहीत नव्हतं.

नशीबच निवाडा करतं असं काही निघालं नाही. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं. एका गटात वर आलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठेतरी मधे पडलेलं. सुरुवातीला कुणी काय निवडलं, त्यावर पुढची गर्दी कुठे जाईल हे ठरत होतं. आणि दुसऱ्यांचे आकडे दिसत असताना गाजलेली गाणी जास्तच गाजत होती.

२०१३ साली एका बातम्यांच्या साइटवर असाच प्रयोग झाला. वाचकांच्या टिप्पण्यांपैकी काहींना संशोधकांनी लिहिल्याबरोबर एक खोटी पसंती देऊन टाकली. फक्त एक. अशा टिप्पण्यांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. खोटी नापसंती दिली तेव्हा मात्र पुढच्या वाचकांनी ती भरून काढली. म्हणजे चढवलेलं आपण डोळे मिटून आणखी चढवतो, पाडलेलं मात्र तपासून बघतो. निदान त्या साइटवर तरी तसं दिसलं.

सिनेमावाल्यांना हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच पहिल्या काही तासांतल्या मतांसाठी झटापट चालते. सिनेमा लागण्याआधीच तारे पडतात, न पाहता शिव्या पडतात. रॉटन टोमॅटोजने २०१९ साली प्रदर्शनाआधीच्या टिप्पण्या बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. केरळात हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे न्यायालयाला मदत करणाऱ्या वकिलांनी २०२४मधल्या अहवालात सुचवलं की समीक्षा करणाऱ्या व्ह्लॉगर मंडळींनी सिनेमा लागल्यावर ४८ तास थांबावं. निर्मात्यांचं दुःख मला कळतं. पैसे मागून, न दिल्यास सिनेमा पाडू अशी धमकी देणं हा गुन्हाच आहे. पण तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला दोन दिवस तोंड बंद ठेव म्हणणं मला पटत नाही. फाटकाजवळ अण्णांना कुणी उत्तरच दिलं नसतं तर आम्ही कशाच्या भरवशावर आत गेलो असतो?

सोमवार का महत्त्वाचा

आता पैशाकडे. आपलं मत पोचायला उशीर झाला तर काय होतं, ते इथे दिसतं.

२००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात पैशाच्या वाटणीवरून इतकं बिनसलं की जवळजवळ दोन महिने मोठे नवे सिनेमे लागलेच नाहीत. मग तडजोड झाली. करवजा उत्पन्नातला सिनेमावाल्यांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. करारागणिक आकडे बदलतात, पण उतरती भाजणी हीच. समजा तिकीट २०० रुपयांचं आहे. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की उरले १६९ रुपये आणि काही पैसे. तुम्ही पहिल्या आठवड्यात गेलात तर त्यातले साधारण ८५ रुपये सिनेमा बनवणाऱ्यांच्या बाजूला जातात. तोच सिनेमा, तीच खुर्ची, पण चौथ्या आठवड्यात गेलात तर साधारण ५१.

मोठ्या हिंदी सिनेमाला हे परवडतं. तो शुक्रवारी शेकडो पडद्यांवर येतो, लोकांचं मत पसरायच्या आत शनिवार-रविवारची गर्दी पदरात पाडून घेतो. मराठी सिनेमाला मुळात शो थोडे. त्यातला एखादा सकाळी साडेदहाचा, एखादा शहराच्या दुसऱ्या टोकाला. राज्य सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला मोक्याच्या वेळा द्याव्यात असा नियम काढला तो याच दुखण्यावर. पण नियम वेळ देतो, माणसं देत नाही. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे येऊन थडकतात. एखादीने रविवारी रात्री बघितला, सोमवारी ऑफिसात मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी बुधवारी जायचं ठरवलं, तर बुधवारी तो जवळपास कुठेच नसतो. "चांगला होता म्हणे, पण आम्ही जायच्या आत उतरला" हे वाक्य मी इतक्या मराठी सिनेमांबद्दल ऐकलंय की त्याची चीड येते.

पण मत वेळेत पोचलं तर काय होतं हेही पाहिलंय. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा सुरुवातीला त्याला पडेल ठरवलं गेलं होतं. बघून आलेले लोक घरोघरी संवाद म्हणून दाखवू लागले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. तेव्हा सिनेमाला थांबायला वेळ होता. हल्लीच्या घाईतही ते जमलं ते 'बाईपण भारी देवा'ला. ३० जून २०२३ला तो आला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. साधारणपणे दुसरा आठवडा पहिल्याच्या निम्मा झाला तरी लोक खूश असतात. इथे एक बाई बघून यायची आणि आपल्या भिशीच्या, भजनी मंडळाच्या, सोसायटीच्या बायकांना घेऊन पुन्हा जायची. साड्या नेसून, गजरे माळून, घोळक्याने. त्यातल्या कितीजणींनी कुठल्या ॲपवर तारे दिले असतील? माझ्या आईने तरी दिले नाहीत. तिने दोन मावश्या, एक शेजारीण आणि आपली शाळेतली मैत्रीण अशा चौघींना फोन केला. ते चार फोन कुठल्याच सरासरीत धरले गेले नाहीत, पण त्यांतून चार तिकिटं निघाली.

मग सांगायचं कसं

मी आता कुणी विचारलं की आकडा सांगत नाही. अण्णा ज्या तिघांना विचारायचे, ते तिघं माझ्या उत्तरात यावेत असा प्रयत्न करतो. मला कसा वाटला हे एक. पण त्याबरोबर मी कुणाबरोबर गेलो होतो, कशाच्या अपेक्षेने गेलो होतो, कुठे कंटाळलो आणि शेजारच्यांना तिथे काय झालं. घरच्यांसोबत बघता येईल का, हे आपल्याकडे सगळे विचारतात आणि ते विचारायलाच हवं. प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+, १६+ असं वय लिहितात, पण कशामुळे १६+, ते बघून आलेला माणूसच नीट सांगू शकतो. मारामारी एका मुलाला चालते, त्याच वयाच्या दुसऱ्याला आईचा मृत्यू बघवत नाही. शेवट सांगायचा नाही, हे सांगायला नको. आणि सांगायचं असेल तर रविवारच्या आत.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला, "दादा, तो नवा मराठी बघितलास ना? जाऊ का?" मी म्हटलं, "मला खूप आवडला. पण तो हळू आहे, पहिला अर्धा तास तुला वाटेल कधी सुरू होणार. गाणी नाहीत. आजोबा आणि नातीची गोष्ट आहे. आजारपण आहे, हॉस्पिटल आहे, तेव्हा काकूंना नेऊ नकोस, काकांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. आवाज फार महत्त्वाचा आहे त्यात, तेव्हा मोबाइलवर यायची वाट बघू नकोस. माझ्या शेजारचे एकजण मध्यंतरातच उठून गेले, तेही सांगून ठेवतो." ती म्हणाली, "मग मी एकटीच जाते."

शनिवारी गेली. रात्री पुन्हा फोन. "मला नाही रे तेवढा आवडला. हळू म्हणजे फारच हळू. पण तू म्हणालास अगदी तसाच आहे. आणि काकूंना नेलं नाही ते बरं झालं." मग ती आजोबा नातीला ताक घुसळायला शिकवतात त्या प्रसंगाबद्दल दहा मिनिटं बोलत राहिली.